मॉरिसमधली पांढरी वायर

"मालक कुठायत?"

गाडीतून उतरलेल्या गृहस्थांनी हे मलाच विचारलं. मी त्यांच्या समोर उभी होते, हातात पकड होती, ओढणी कमरेला गुंडाळलेली होती आणि हात कोपरापर्यंत काळे होते. तरी मालक कुठायत. कराडला हायवेच्या कडेला दुकान चालवायला लागल्यापासून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला होता की त्याचा राग यायचाही मला कंटाळा आला होता.

"मीच मालक. काय झालं गाडीला?"

त्यांनी माझ्या डोक्यावरून पाटीकडे पाहिलं. "तोडकर ऑटो इलेक्ट्रिक. प्रोप्रायटर दिनकर तोडकर," त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"ते माझे वडील."

"मग त्यांनाच बोलवा की. जुनी गाडी आहे हो. हिला जुन्या माणसाचाच हात लागतो."

"ते नाहीत."

"अरेरे," म्हणून त्यांनी चेहरा पाडला. बहुतेक लोक पाडायचे, आणि मीही पाडू द्यायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं रामायण कुठं सांगत बसायचं? पण दुकानाच्या मागेच आमचं घर, मधल्या दारात आई काहीतरी निवडत बसलेली असायची, आणि हायवेवरच्या हॉर्नांमधूनही हा एक शब्द तिचे कान बरोबर पकडायचे.

"न्हाईत म्हंजे हितं न्हाईत!" ती आतून ओरडली. "हाईत कुटंतरी. तुमी कुनीकडनं आला?"

"बार्शीहून."

"तिकडं दिसलं का कुटं? उंचेलं हाईत. उजव्या भुवईवर वण हाय. वायरमनच हाईत."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. आई हे सगळ्यांना विचारायची. ट्रकवाल्यांना, एसटीच्या ड्रायव्हरांना, एकदा तर पाणी मागायला थांबलेल्या एका मंत्र्याच्या पोलिसालाही तिनं विचारलं होतं. मी नववीत असताना आण्णांनी वायरिंग केलेली एक जीप पेटली आणि आठवड्यानं एका सकाळी आण्णा पिशवी घेऊन स्टँडवर गेले ते परत आले नाहीत. मी आता तिशी ओलांडली होती. मामांनी, काकांनी, शेजारपाजारच्यांनी आईला कुंकू पुसायला सांगून पाहिलं. "मेल्याचं कुनी बगितलंय का?" एवढंच ती विचारायची आणि उठून चहा टाकायची. तिला आण्णा हवे होते. मिळाले असते तर आधी शिव्या घातल्या असत्या आणि मग जेवायला वाढलं असतं, हेही ठरलेलं होतं.

आणि मला? मलाही हवे होते. मी बोलून दाखवत नव्हते इतकंच. कुणी उंच माणूस रस्त्यापलीकडे पाठमोरा उभा दिसला की माझ्या हातातलं काम थांबायचं. तो वळला की पुन्हा सुरू व्हायचं.

तर गाडी. मॉरिस मायनर होती, फिकट हिरवी, गोल पाठीची, पुढच्या दोन दिव्यांमुळे जरा आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा असलेली. गृहस्थांचं नाव डॉक्टर सुलाखे. बार्शीला होमिओपॅथीचा दवाखाना, गाडी वडिलांची, आणि निघाले होते कोल्हापूरला बहिणीकडे श्रावणातल्या सत्यनारायणाला.

"बारामाही सर्दी झाल्यासारखं करते हो," ते म्हणाले. "चालता चालता बंद पडते. जरा दम खाल्ला की सुरू होते. खड्डा आला की पुन्हा गप्प. आज मात्र पार मान टाकली. ट्रकवाल्यांनी ढकलत आणलं."

"चावी द्या."

मी चावी फिरवली. बॉनेटखालून पेट्रोलच्या पंपाची टिकटिक ऐकू आली. हॉर्न दाबला, खणखणीत वाजला. स्टार्टरची कडी ओढली. इंजिन फिरत होतं, पण पेटत नव्हतं.

"बॅटरी चांगली आहे," मी म्हणाले. "चावीपर्यंत करंट येतोय, पंपालाही जातोय. पेट्रोल येतंय. ठिणगी पडत नाही."

"कशावरून?"

"तुम्ही पेशंटची जीभ बघता की नाही? तसं."

मी ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलची जाड वायर काढून तिचं टोक इंजिनाजवळ धरलं आणि त्यांना कडी ओढायला सांगितलं. ठिणगी नाही. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं. पॉइंट साफ होते, उघडझाप नीट करत होते. मग मी माझा टेस्टिंगचा बल्ब घेतला, एक टोक गाडीच्या पत्र्याला अर्थ केलं आणि दुसरं चावीकडून कॉइलला येणाऱ्या पांढऱ्या वायरीवर टेकवलं. बल्ब लागला नाही. दुसऱ्या हातानं वायर जरा हलवली. झटकन लागला. सोडली. विझला.

"सापडलं," मी म्हणाले. "वायर आतून तुटलीय. वरचं रबर धड आहे म्हणून दिसत नाही. तांब्याचे तुकडे एकमेकांना टेकले की गाडी चालते, खड्ड्यात हलले की बंद."

खात्री करायला मी बॅटरीपासून एक वायर सरळ कॉइलला लावली. डॉक्टरांनी कडी ओढली आणि मॉरिस एकदम बोलायला लागली. डॉक्टरांचा चेहरा फुलला.

"झालं की!"

"कुठं झालं? हा सलाइन लावून बसवलेला पेशंट आहे. डायरेक्ट करून कोल्हापूर गाठाल, पण बंद करायला प्रत्येक वेळी बॉनेट उघडावं लागेल. वायर बदलते. बसा, चहा येईल."

मी कॉइलकडचं टोक सोडलं. तिथं तेलमातीचा थर होता. मग पुढच्या सीटवर उताणी पडले, पाय दाराबाहेर, डोकं डॅशबोर्डच्या खाली, दातात छोटी टॉर्च. जुन्या गाड्यांचं खरं दर्शन असं उलटं पडूनच होतं. चावीच्या मागे हात घातला, पांढरी वायर बोटांनी चाचपली, आणि बोटांना काहीतरी लागलं.

दोरा होता. वायरीच्या टोकापाशी, रबरावर गुंडाळून गाठ मारलेला मेणाचा दोरा.

मी उजेड तिकडे वळवला. शेजारच्या लाल वायरीवरही दोरा. हिरवीवर दोन गाठी. तपकिरीवर तीन. सगळी जुडी दोऱ्यांनी बांधलेली होती.

मी तिथंच पडून राहिले. दातातली टॉर्च कधी सीटवर पडली ते मला कळलं नाही.

आमच्या दुकानातून बाहेर पडलेल्या प्रत्येक गाडीत हे दोरे असायचे. आण्णा गाडीचं माप घेऊन वायरी कापायचे आणि संध्याकाळी घरी आणायचे. मग आई त्यांच्यासमोर फतकल मारून बसायची आणि प्रत्येक वायरीच्या टोकांना दोरे बांधून जुडी तयार करायची. दुसऱ्या दिवशी आण्णा ती गाडीत बसवायचे. गिऱ्हाइकं चेष्टा करायची. "काय तोडकर, गाडीची मुंज लावली काय?" आण्णा हसायचे. मला वाटायचं, आमच्या दुकानाची ही खूण असेल. मिठाईवाल्याचा कागद असतो तशी. आण्णा गेल्यावर मी धंदा शिकले तो कोल्हापूरला मामाकडे, आणि तिथं असलं काही नव्हतं. मी कधी दोरा बांधला नाही. आईनंही कधी बांधायला सांगितलं नाही.

जगात दुसऱ्या कुठल्याच वायरमनला मी हे करताना पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर," मी खालूनच विचारलं. आवाज मला माझा वाटेना. "हे वायरिंग कुणी केलं?"

"का हो, वाईट केलंय?"

"चांगलं केलंय. कुणी केलं?"

"तुळजापूरला. तीन-चार वर्षं झाली. दर नवरात्रात जातो आम्ही देवीला. तेव्हा घाटात सगळं वायरिंग जळालं, उंदरानं कुरतडलं होतं. स्टँडच्या मागं एक जण बसतो, हारांच्या टपरीला लागून. त्यानं दोन दिवस ठेवून घेतली आणि नवीन जुडी करून दिली. नवरात्रात गेलो की त्याच्याकडून तपासून घेतो."

"उंच आहे?"

"आता वाकलाय जरा. पण उंचच म्हणायचा."

मी उठले ती डोकं स्टिअरिंगला आपटूनच. भुवईचं विचारायचं होतं. विचारवलं नाही. वायर ओढून काढली आणि तशीच मुठीत घेऊन मधल्या दारातून आत गेले.

आई चहा गाळत होती.

"आई, आण्णा हाईत," मी म्हणाले. "तुळजापुरात हाईत. हे बघ."

तिनं गाळणी खाली ठेवली. पदराला हात पुसले, नीट, बोटांच्या मधूनसुद्धा. मग वायर घेतली. तिला मी इतकी हळू काही करताना कधी पाहिलं नव्हतं. दोऱ्यावर तिनं अंगठा फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले. मला वाटलं, आता ती म्हणेल, चल, एसटी कितीची आहे. मी मनात कपडे भरायलाही लागले होते.

तिचा अंगठा थांबला. तिनं वायर उजेडाला दारात नेली, डोळ्यांजवळ धरली.

"ही गाठ माझी न्हाई," ती म्हणाली.

"तुझी कशी असंल? आण्णांची असंल."

"त्यास्नी गाठ मारता येत न्हवती. लेंग्याच्या नाडीलासुदिक मी लागायची." तिनं नखानं दोरा जरा उचलून पाहिला. "आन् आली आसती, तरी कंच्या वायरीला कितीदा मारायची, त्ये त्यास्नी कसं कळनार?"

"म्हंजे?"

ती माझ्याकडे बघतच राहिली, जणू मला सांगितलं नव्हतं हे तिलाही आत्ताच कळत होतं.

"कुंदे, त्यास्नी रंग दिसत न्हवतं. लाल आन् हिरवं सारकंच. तपकिरी बी त्यातलंच. जन्मापास्नं. म्हनून तर ह्यो दोरा. मी रंग बगायची, गाठी मारायची. त्ये बोटानं वळकायचं."

मी खाली बसले. चहा निवत होता.

"आन् ती जीप?" मी विचारलं.

"ती बी त्याच्यामुळंच. मालकाला घाई हुती. जुडी घरी आनलीच न्हाई, दुकानातच वायरी कापून लावल्या. मी न्हवते. डायवरचं हात भाजलं. गाव म्हनलं, तोडकर दारू पिऊन काम करतो. मी म्हनलं, सांगूया की खरं, रंग दिसत न्हाईत म्हनून. तर मला शपथ घातली. म्हनलं, आंधळ्या वायरमनकडं कोन गाडी आननार? त्यापरीस दारुडा बरा. आन् आटवड्यानं गेलं."

इतकी वर्षं मी आण्णांना दारुडे समजून त्यांच्यावर माया केली होती. मला एकदम त्यांचा राग आला आणि ते तितकेच हवेसेही झाले.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"शपथ हुती. त्यास्नी काय झालं आसतं तर?" ती साधेपणानं म्हणाली. "मला रोज एकच वाटायचं. जेवत आस्तील, कुटंबी जेवतील. झोपतील कुटंबी. पर त्यास्नी रंग कोन सांगत आसंल?"

मग आम्ही दोघींनी त्या गाठीकडे पाहिलं.

"ही हाराची गाठ हाय," आई म्हणाली. "फुलाच्या देटाला मारत्यात ती. दोरा दोनदा फिरवायचा आन् खालनं वढून घ्यायचा. हार करनारीच्या हाताला दुसरी गाठ येतच न्हाई."

हारांच्या टपरीला लागून बसतो, डॉक्टर म्हणाले होते. मी आईला ते सांगितलं नव्हतं. आता सांगायची गरजही नव्हती.

"हार तर गडीमानूसबी करतो," मी म्हणाले.

आईनं दोऱ्याखालून काहीतरी नखानं हळूच उपसलं आणि माझ्यासमोर धरलं. केस होता. लांब, निम्मा काळा, निम्मा पांढरा. गाठ मारताना अडकला असणार.

ती उठली, मागच्या दारात गेली आणि तो केस बाहेर सोडून दिला. तिथंच उभी राहिली. मला तिची पाठ दिसत होती.

"मी जाऊन येते तुळजापूरला," शेवटी मी म्हणाले. "आत्ता निघते. डॉक्टरांना जाग्याचं नीट विचारून घेते. हाताला धरून आणते त्यांना."

"न्हाई."

"का न्हाई? तुला नको असतील तर नको. मला पाहिजेत. माझे बाप आहेत ते!"

"मला नको कवा म्हनलं मी?" ती वळली. डोळे लाल होते पण आवाज चढलेला होता, म्हणजे ती आपल्या जागेवर आली होती. "तू गेलीस की त्यास्नी कळंल, आपल्याला सापडलं. आन् त्ये तिथनंबी जातील. हितनं गेलं तसं. लाजंखातर पळनारा मानूस हाय त्यो. मग पुन्यांदा कुटं हुडकू? आन् त्या बाईनं काय करायचं? तिनंबी दारात बसून डायवरास्नी इचारायचं?"

बाहेर डॉक्टरांनी खोकून आपण आहोत याची आठवण करून दिली.

आईनं वायर पुन्हा हातात घेतली. अंगठ्यानं गाठ इकडून तिकडे सरकवून पाहिली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"किती ढिली हाय बग. सरकतीया! देटाची गाठ रबराला कशी टिकंल? उद्या सरकून दुसऱ्या वायरीला लागली म्हंजे? पुन्यांदा जीप?" ती खरोखरच चिडली होती. "येवडी वरसं काम करतीया, तिला येवडं कळू नये? दे हिकडं नवी वायर."

मी दुकानातून पांढरी वायर मापानं कापून आणली. आईनं फडताळाच्या वरच्या खणातून मेणाच्या दोऱ्याचं रीळ काढलं. ते अजून घरात आहे हे मला माहीतच नव्हतं. दोरा तिनं तोंडात ओला केला, वायरीच्या टोकाला लावला, बोटं भराभर फिरली, आणि दोन्ही टोकं दातात आणि मुठीत धरून तिनं असा हिसका दिला की रबराला खाच पडली.

"आतल्या टोकाला बांदलीय. भायेरची तेलानं कुजतीया," ती म्हणाली.

"आई, त्यांचं बोट लागलं की त्यांना कळंल. तुझी गाठ वळखतील ते."

"वळकूदेत."

"मग पळतील की. तूच म्हणालीस."

"गाठ काय हाताला धरून न्हेतीया व्हय?" तिनं वायर माझ्या हातात ठेवली. "यायचं तर येत्याल. न्हाई यायचं तर न्हाई. पर कळू दे, हाय मी म्हनून."

मी वायर बसवली. चावी फिरवली, पंप टिकटिकला, कडी ओढली, मॉरिस एका दमात सुरू झाली. डॉक्टर खूष झाले. मी त्यांना म्हणाले, "नवरात्रात तुळजापूरला गेलात की त्या माणसाला ही पांढरी वायर दाखवा. चावीच्या मागचं टोक. नीट बसलंय का ते बघ म्हणावं."

"तुमच्यावर विश्वास नाही का तुमचाच?"

"जुन्या माणसाचा हात लागतो हिला. तुम्हीच म्हणालात."

ते हसत गेले. आई त्या दिवशी दुपारभर झोपली. दिवसा झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

नवरात्र आलं. घट बसले तेव्हापासून आई दुकानाच्या पुढच्या बाजूला बसायला लागली. दसरा झाला. कुणाला काही विचारणं तिनं बंद केलं होतं. ट्रकवाले उलट तिला विचारायचे, "मावशी, मालक गावलं काय?" ती नुसतीच रस्त्याकडे बघायची. एसटी थांबली की मी हातातलं काम थांबवायचे, आणि उतरणारे सगळे उतरून एसटी गेली की पुन्हा सुरू करायचे. आम्ही दोघी एकमेकींना हे करताना पकडायचो आणि दुसरंच काहीतरी बोलायचो.

भाऊबीजेला मॉरिस आली. डॉक्टर बहिणीकडे ओवाळून घ्यायला निघाले होते. गाडी ठणठणीत होती, ते केवळ सांगायला थांबले होते. आई घरात करंज्या तळत होती.

"तुमचं काम केलं हं," ते म्हणाले. "पण फार विचित्र झालं."

"काय झालं?"

"मी त्याला म्हटलं, ही वायर बघा, नवीन टाकलीय. तो उताणा होऊन आत शिरला. हात घातला आणि गप्पच झाला. मी म्हटलं, काय हो, चुकीची बसवलीय का? तर म्हणतो, नाही. मग त्यानं विचारलं, कुणी बसवली? मी म्हटलं, कराडला एक बाई आहेत, तुमच्याच धंद्यातल्या. तर विचारतो, केवढ्या आहेत? मी म्हटलं असतील तिशीच्या पुढे. मग म्हणे, एकट्याच चालवतात का दुकान? मी म्हटलं, आई आहे त्यांची, माझी फार चौकशी केली आल्या आल्या."

मी गाडीच्या दाराला धरून उभी होते. "मग?"

"मग म्हणाला, डॉक्टर, तुम्ही दर्शन करून या, मला वेळ लागेल. शेजारची हारवाली बाई आली पाणी घेऊन, तिलाही म्हणाला, तू जा. मी दर्शन घेऊन परत आलो, नवरात्रातली रांग म्हणजे बघा, तरी पाय तसेच बाहेर. हारवाली मला म्हणाली, आज यांना काय झालंय कळंना. मग निघाला बाहेर. म्हणाला, झालं. काय झालं ते सांगितलं नाही."

मी त्यांना बाजूला सारून सीटवर पडले आणि हात आत घातला. लाल, हिरवी, तपकिरी, सगळ्यांचे दोरे जागच्या जागी होते. पांढऱ्या वायरीवर काही नव्हतं. वायर मीच बसवलेली होती, स्क्रूही हलवलेला नव्हता, पण दोरा नव्हता. त्याच्या जागी दुसरा दोराही बांधलेला नव्हता. मी उजेड टाकून बराच वेळ पाहिलं, मग सीटखाली, पायपुसण्याखाली शोधलं. कुठंही दोऱ्याचा तुकडा पडलेला नव्हता.

डॉक्टर गेले. मी आत गेले. आईनं कढईवरून मान वर केली नाही.

"आलं न्हाईत ना?"

"न्हाई."

"मग?"

"दोरा न्हाई तिथं. घेऊन गेले."

तिनं कढईतली करंजी उलटवली. "कापल्याला हुता का सोडवल्याला?"

"काय फरक पडतो?"

"सांग की."

"कापलं असतं तर रबराला पातं लागलं असतं. एक ओरखडा न्हाई. फक्त तुझ्या दोऱ्याची खाच हाय."

आईनं गॅस बारीक केला. तिनं आपला उजवा अंगठा वर धरला आणि त्याच्या नखाकडे पाहिलं, मग हात डोक्यावर नेऊन, मान मागे टाकून, डॅशबोर्डखाली उताण्या पडलेल्या माणसासारखी बोटं हवेत हलवून पाहिली. थोड्याच वेळात तिचा हात भरून आला आणि तिनं तो खाली घेतला.

"मेनाचा दोरा," ती म्हणाली. "वला करून वढलेला. तसं पडून, नुसत्या नखानं सोडवायचा म्हंजे..."

मी तिच्या हातातला झारा घेतला. ती पाटावर बसली, आणि माझ्याकडे नाही, दाराबाहेर रस्त्याकडे बघत म्हणाली,

"लई येळ धरून बसलं आस्तील गं ती गाठ."